कोर्टातली औटकी

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
१२ जून २०२४

सावनी,

आशीर्वाद आहेतच, ते माझ्या रागावर अवलंबून नसतात. पण आज आधी राग लिहितो, मग बाकीचं.

फोन करणार नाही. फोनवर मी ओरडतो असं तुझी आई म्हणते, आणि मी ओरडलो की तू फोन ठेवतेस. पत्राचं बरं असतं. लिहिलेलं खोडता येतं, ओरडलेलं खोडता येत नाही.

तुझं शपथपत्र काल वाचलं. आपल्या वकीलबाई अपेक्षा मॅडम यांनी प्रत हातात दिली आणि त्या लगेच दुसऱ्या फाइलमध्ये डोकं घालून बसल्या. तेव्हाच मला शंका आली होती. ‘अपघातानंतर माझे वडील पूर्वीचे राहिलेले नाहीत. ते विसरतात, कारण नसताना चिडतात, त्यांना वास येत नाही, त्यांना घरात एकटे ठेवता येत नाही.’ खाली तुझी सही आणि हैदराबादच्या नोटरीचा शिक्का. स्वतःच्या बापाला वेडा ठरवायला चांगला ठळक शिक्का शोधलास.

पावणेदोन वर्षांपूर्वी दौलताबादहून स्कूटरवर येताना मागून त्या पिकअपनं मला उडवलं, कबूल. कवटीच्या तळाला तडा गेला, घाटी रुग्णालयात कित्येक दिवस मला शुद्ध नव्हती, नाकातून पाणी यायचं आणि ते सर्दीचं नसून मेंदूभोवतीचं होतं, हेही कबूल. पिकअपच्या विमा कंपनीवर भरपाईचा दावा लावायला मीच सही केली. पण मी भरपाई मागतो ती फुटलेल्या हाडाची. हाड फुटलं, हाड जुळलं, मधला खर्च द्या, विषय संपला. अपेक्षा मॅडम म्हणतात, “काका, जुळलेल्या हाडाला कोर्ट फारसं देत नाही. जे परत आलं नाही, त्याला देतं. पुढं तुमच्यासोबत दिवसभर माणूस ठेवायचा तर तेच सिद्ध करावं लागेल.” माझ्यासोबत माणूस! मी काय तान्हं बाळ आहे?

तीस वर्षं मी याच जिल्हा न्यायालयात बेंच क्लार्क होतो. न्यायाधीशांच्या पुढ्यात बसून अपघाताचे दावेवाले किती पाहिले असतील! कुबडी घेऊन, कण्हत पिंजऱ्यात चढायचे आणि साक्ष झाली की चहाच्या टपरीकडे टणटणीत चालत जायचे. मी तेव्हाच कानाला खडा लावला होता, आपल्यावर वेळ आली तर असलं सोंग करायचं नाही. आता माझीच पोर मला सोंग करायला सांगते आहे.

आणि गॅसचा तू उगाच बाऊ केलास. गेल्या दिवाळीत चहा ठेवताना मी शेगडीचं बटण फिरवलं आणि पेटवायला विसरलो, एवढंच. खिडकी उघडी होती. स्वरदा झोपली होती ती लगेच उठून बसली. काही झालं का? तू मात्र तिला कडेवर घेऊन जिन्यात जाऊन बसलीस आणि दुसऱ्या दिवशी जी गेलीस ती आजतागायत. नात बघायला मिळत नाही मला. शपथपत्रात ते लिहिलं नाहीस, तेवढा माझा मान राखलास. बाहेर बोलणार नाही असा शब्द दिला होतास, तो पाळ.

पुढच्या तारखेला माझी उलटतपासणी आहे. माझं डोकं किती शाबूत आहे ते सगळ्यांना दाखवतो.

सकाळी पोहे खाल्ले, लिंबू पिळून. प्रकृती उत्तम.

तुझे, पूर्वीचे न राहिलेले,
बाबा


२७ जून २०२४

सावनी,

आज राग नाही. आज आनंदाचं पत्र आहे, पेढा तोंडात आहे असं समजून वाच.

झाली उलटतपासणी! विमा कंपनीचा वकील कोण असावा? ऋतुराज. हा पोरगा पहिल्यांदा कोट घालून कोर्टात आला तेव्हा वकीलपत्र कोणत्या टेबलावर द्यायचं हे त्याला मी दाखवलंय. पिंजऱ्यापाशी आला तो हात जोडूनच. म्हणाला, “काका, तुम्हाला मी काय विचारणार? तुमच्या हाताखाली शिकलो आम्ही.” संस्कार आहेत पोरावर.

आधी किरकोळ विचारलं. नाव, वय, कोर्टात किती वर्षं काढली. सकाळी काय खाल्लं म्हणाला, मी पोहे म्हटलं. मग म्हणाला, “काका, तुमच्या घरी परवचा व्हायचा म्हणे?”

न्यायाधीश मॅडम तरुण आहेत, त्यांना परवचा ठाऊक नसावा, म्हणून मीच सांगितलं. दिवेलागणीला हातपाय धुऊन देवापुढं बसायचं आणि दिवसभर घोकलेलं घडाघडा म्हणायचं. तिथी, नक्षत्रं, महिने आणि पाढे. पाढे म्हणजे नुसते तीसपर्यंतचे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि सगळ्यांच्या वरती औटकी. साडेतीनचा पाढा! तुम्हा हल्लीच्या पोरांना सतरा सत्ते विचारले तरी तुम्ही फोन काढता.

ऋतुराजचे डोळे चमकले. “औटकी अजून येते काका?”

“येते म्हणजे?” मी म्हटलं. “सतरा औट साडेएकोणसाठ. एकोणीस औट साडेसहासष्ट.”

“मॅडमची परवानगी असेल तर पहिल्यापासून ऐकायला आवडेल.”

मॅडमनी मान हलवली. मी सुरू केलं. एक औट औट, दोन औट सात, तीन औट साडेदहा. वीसला आलो तेव्हा अपेक्षा मॅडमना खोकला आला. पस्तिसाच्या सुमारास त्यांची फाइल धाडकन खाली पडली. तुझ्या आईनं पदर तोंडाला लावला होता, मला वाटलं अभिमानानं. पण थांबायचा प्रश्नच नव्हता. आमच्या आजोबांचा दंडक होता, औटकी तोंडात घेतली की शंभरापर्यंत न्यायची. मध्ये थांबलं की पुन्हा एकपासून, आणि तोवर ताट नाही. मी शंभर औट साडेतीनशेला जाऊनच थांबलो. एक आकडा चुकला नाही. मागच्या बाकांवरचे पक्षकार कुजबुज विसरून ऐकत होते. मॅडम स्वतः म्हणाल्या, “वा!” ऋतुराजनं पुन्हा हात जोडले. “मला आणखी काही विचारायचं नाही.”

बघ. तीस वर्षांत मी असं उलटतपासणीला आलेलं एकही माणूस पाहिलं नाही, ज्याच्यापुढं वकिलानं हात टेकले. तुझ्या शपथपत्राचा पार निकाल लागला.

येताना रिक्षावाल्याशी थोडं वाजलं, मीटरवरून. आणि कोर्टातच माझं ते राहिलं, हातात धरायचं, कापडाचं, भाजी आणायला नेतो ते. शब्द आत्ता होता. पिशवी. पिशवी राहिली. उद्या जाऊन आणतो.

बाबा


२९ जून २०२४

सावनी,

तुला एक गंमत सांगायची राहूनच गेली. परवा माझी उलटतपासणी झाली. विमा कंपनीचा वकील कोण असावा? ऋतुराज! त्याला वकीलपत्र कुठं द्यायचं हे मी दाखवलं होतं. त्यानं मला औटकी म्हणायला लावली आणि मी ती शंभरापर्यंत म्हटली, एक आकडा न चुकता. न्यायाधीश मॅडम खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. तुला आधी कळवायला हवं होतं, पण गडबडीत राहिलं.

सकाळी पोहे खाल्ले.

बाबा

सावनी, मी आई लिहिते आहे. पत्र टाकायला माझ्याकडे दिलंय, ते झोपलेत तोवर खाली चार ओळी लिहिते.

औटकीचं पत्र तुला आधीच मिळालं असेल. हे दुसरं फाडून टाकणार होते, हात झाला नाही. मॅडम उठून उभ्या वगैरे राहिल्या नाहीत. आणि त्या दिवशी घरी पोहे नव्हते, थालीपीठ होतं. आठवत नसलं की ते पोहेच सांगतात, आपल्या घरी बहुतेक खरं ठरतं म्हणून. रिक्षावाल्याशी वाजलं नाही, यांनी त्याची कॉलर धरली. त्यानं पांढरे केस बघून सोडून दिलं.

अपेक्षा मॅडमनी मला बाहेर बाकावर बसवून समजावलं. “काकू, लहानपणी पाठ केलेलं जात नाही, जातं ते आजचं. डॉक्टरही साक्षीत तेच सांगतील. पण कोर्टानं कानांनी औटकी ऐकली. आता ऋतुराज म्हणणार की माणूस ठणठणीत आहे आणि मुलीनं भरपाईसाठी खोटं शपथपत्र केलंय.” तुझी उलटतपासणी ९ ऑगस्टला आहे. तो तुला खोटी ठरवणार, सगळ्यांसमोर.

गॅसचं सांग असं मी म्हणणार नाही. सांगू नकोस असंही म्हणणार नाही. तू शब्द त्यांना दिला होतास, मला नाही. मी फक्त थकले आहे गं.

आई


२० जुलै २०२४

सावनी,

हे पत्र नीट वाच आणि मी सांगतो तसं कर.

काल मल्हारीची साक्ष झाली. मल्हारी म्हणजे दौलताबादच्या पायथ्याचा मेंढरंवाला, ज्यानं मला रस्त्यावरून उचलून घाटीत पोचवलं. कोर्टाबाहेर लिंबाखाली एक पागोटेवाला उभा होता. मला म्हणाला, “सायेब, वळखलं का?”

मी म्हटलं, “ओळखलं की. पाटबंधाऱ्यात होतात ना तुम्ही?”

“मल्हारी, सायेब. मेंढरंवाला. आज तिसऱ्यांदा इचारतोय तुमास्नी.” आणि हसला. मीही हसलो. डोळ्यांवर ऊन होतं, दुसरं काही नाही.

पिंजऱ्यात त्यानं सगळं सरळ सांगितलं. मेंढरं रस्त्याच्या कडेला होती, पिकअपवाला लई जोरात आला, मला मागून ठोकलं आणि थांबलासुद्धा नाय. मग ऋतुराजनं विचारलं, “यांच्या डोक्यावर हेल्मेट होतं?”

अपेक्षा मॅडमनी डोळे मिटून घेतले. मल्हारी म्हणाला, “नाय सायेब. ती टोपी हँडलला लटकवली व्हती. सीताफळं भरली व्हती तिच्यात.”

कोर्ट हसलं. हसू दे. खरंच होतं ते. तू दसऱ्याला स्वरदाला घेऊन येणार होतीस. झाडावर पिकून मऊ झालेली चार सीताफळं मिळाली होती, पिशवीत खाली गेली असती तर लगदा झाला असता. म्हणून हेल्मेटमध्ये ठेवली. डोकं काय, टणक असतं, असं वाटलं असेल मला. आता तेवढ्यापायी भरपाईतला काही भाग कापला जाईल. पण मल्हारी मला आवडला. आपल्याच बाजूचा साक्षीदार असून आपल्याला बुडवणारं खरं सांगून गेला. बाहेर आल्यावर मी त्याला चहा पाजला. “तुम्ही खोटं बोलला असतात तरी चाललं असतं,” मी थट्टेनं म्हटलं.

“मंग तुमास्नी उचललं तेबी खोटंच वाटलं असतं की लोकास्नी,” तो म्हणाला आणि बशीत चहा ओतून घेतला.

टपरीवर ऋतुराजही आला होता. चहाचे पैसे त्यानंच दिले. जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “काका, तुमचं काही नाही हो, वाईट वाटतं ते ताईंचं. शपथेवर लिहिलेलं खोटं निघालं की कोर्ट काय करतं, तुम्हाला वेगळं सांगायला नको.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हात जोडणारा पोरगा माझ्या पाया पडत नव्हता, माझ्या पायाखालची सतरंजी बघत होता. मी औटकी म्हणत होतो आणि तो तुझ्यासाठी खड्डा खणत होता, आणि दर आकड्याला फावडं मी मारत होतो. सावनी, मला भीती वाटते. मी उलटतपासणीत बाया रडताना पाहिल्यात. शाळेच्या मुख्याध्यापिका, नर्सबाया, कुणी ऐऱ्यागैऱ्या नव्हेत. माझ्या डोळ्यांदेखत त्यांचं खरं खोटं होऊन कागदावर उतरलं, आणि मी त्या कागदांवर शिक्के मारले.

येऊ नकोस. शपथपत्र मागं घे. दावा बुडाला तर बुडू दे. गैरसमजातून लिहिलं म्हण, काहीही म्हण. बाप ठणठणीत आहे म्हण. म्हणजे सगळ्यांचंच भलं होईल.

बाबा


१० ऑगस्ट २०२४

सावनी,

तू आलीसच. माझं कुणी ऐकत नाही या घरात.

काल कोर्टात तू मला वाकून नमस्कार केलास तेव्हा मी पाय मागं घेतला. तो रागानं घेतला नाही. तू किती वाळलीस ते दिसलं आणि काय करावं ते सुचेना. नऊ महिन्यांनी पाहिलं तुला.

जे झालं ते मी आज सकाळपासून लिहितो आहे. तुझ्या आईला दोनदा विचारून घेतलं, क्रम चुकू नये म्हणून.

ऋतुराजनं विचारलं, “तुमचे वडील शंभरापर्यंत औटकी म्हणतात. तुम्हाला येते?”

तू नाही म्हणालीस.

“मग डोकं कोणाचं अधू म्हणायचं?” मागचे लोक हसले. तू पिंजऱ्याची कड घट्ट धरलीस. लहानपणी इंजेक्शनच्या वेळी माझं बोट धरायचीस, तशी.

“‘घरात एकटे ठेवता येत नाही’ असं तुम्ही शपथेवर लिहिलंय. का? एक प्रसंग सांगा. एकच.”

तू माझ्याकडे पाहिलंस. सगळ्या कोर्टाला वाटलं असेल की ही मुलगी उत्तर शोधते आहे. उत्तर कुठं आहे ते मला ठाऊक होतं. माझ्या खिशात होतं. तुझ्याकडून शब्द म्हणून काढून घेतलेलं.

“सांगता येणार नाही,” तू म्हणालीस.

“येणार नाही, की प्रसंगच नाही?”

मॅडम म्हणाल्या, “उत्तर द्यावं लागेल.”

तू मान खाली घातलीस. “नाही सांगता येणार.”

आणि मी टाइप होण्याचा आवाज ऐकला. सावनी, त्या आवाजावर मी आयुष्य काढलंय. ‘साक्षीदाराने उत्तर दिले नाही.’ एवढं एक वाक्य कागदावर गेलं की पुढचं सगळं खोटं. मला ते वाक्य दिसलं आणि त्याखाली तुझं नाव दिसलं.

मी उभा राहिलो. कोर्टात मधेच उठून बोलणाऱ्यांना मी आयुष्यभर शिपायाकरवी बाहेर काढलं. ओरडलोच बहुतेक. “ती खोटं बोलत नाही! मी गप्प बसवलंय तिला! मी गॅस सोडला होता!”

मॅडम म्हणाल्या, “सेलूकर, खाली बसा. तुम्हाला कोर्टाची पद्धत माहीत आहे.”

“माहीत होती, मॅडम,” मी म्हटलं. त्यानंतर मला शिपायानं धरून बाहेर बसवलं. बरोबर केलं त्यानं.

आता बाहेर बाकावर बसून जे तुला सांगायचं होतं, ते इथं लिहितो. तू निघून गेलीस, आई म्हणाली रडत गेलीस, घरी आली नाहीस.

खिडकी उघडी नव्हती. स्वरदा लगेच उठून बसली नव्हती. आईला बरं नव्हतं म्हणून ती आतल्या खोलीत पडली होती, तू दुकानात गेली होतीस, आणि स्वरदा माझ्या भरवशावर होती. मी तिथंच खुर्चीत पेपर वाचत बसलो होतो. मला कसलाच वास आला नाही. तू दारातूनच किंचाळलीस, खिडक्या उघडल्यास, पोरीला हलवलंस, हाका मारल्यास. पुन्हा पुन्हा मारल्यास. मग तिनं डोळे उघडले. मी तेव्हाही विचारत होतो, काय झालं, काय झालं. आणि नंतर तुला पहिली गोष्ट काय सांगितली? बाहेर बोलू नकोस.

विसरलो होतो असं म्हणायची सोय आहे मला, तेवढी एक सोय या डोक्यानं ठेवली आहे. पण हे मी विसरलो नव्हतो. हे रोज आठवतं. जे विसरायचं ते बरोबर राहिलं.

अपेक्षा मॅडम मला पुन्हा पिंजऱ्यात बोलवायचा अर्ज देणार आहेत. मी त्यांना म्हटलं, द्या. शब्दातून तुला मोकळं केलं आहे. आईला सांगितलंय, फोनवर मी ओरडलो तरी फोन ठेवू नकोस असं तुला सांग. किंवा ठेव. पण पुन्हा लाव.

बाबा


५ सप्टेंबर २०२४

सावनी,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. तू स्वयंपाकघरात आहेस, भांड्यांचा आवाज येतो आहे. तरी लिहितो.

मघाशी कोर्टात जे झालं ते विरायच्या आत उतरवून ठेवायचं आहे. अजून शर्टसुद्धा बदलला नाही.

अपेक्षा मॅडमनी आधी गॅसचं विचारलं. सांगितलं, मागच्या पत्रात लिहिलंय तसंच, खिडकीसकट. न्यायाधीश मॅडमनी वर मान करून पाहिलं नाही, लिहीत राहिल्या. बरं झालं. मग अपेक्षा मॅडमनी सोपं विचारलं, “आज सकाळी काय खाल्लंत, काका?”

पोहे ओठांवर आले होते. अगदी दातांपर्यंत. दोन वर्षं पोह्यांनी माझी अब्रू राखली आहे. समोर माझ्या जागेवर नवा बेंच क्लार्क बसला होता, माझ्याच टेबलाशी, आणि लिहायला हात उचलून थांबला होता. सावनी, तीस वर्षांत मी हजारो लोकांच्या तोंडून हे शब्द ऐकले आणि दर वेळी मनात म्हटलं, लबाड आहे. ते शब्द म्हणायला किती ताकद लागते ते मला ठाऊक नव्हतं.

“आठवत नाही,” मी म्हटलं.

“आज कोर्टात कोणाबरोबर आलात?”

मी तुझ्या आईकडे बघितलं आणि तिचं नाव घेणार होतो, तोच तिच्या शेजारी तू दिसलीस. मला आनंद झाला. वाटलं, अरे, सावनी आली! कधी आली? आणि तुझा चेहरा पाहिला तेव्हा कळलं की तू आत्ता आलेली नाहीस. आई म्हणते तू परवापासून घरी आहेस. सकाळी माझ्या शर्टाची गुंडी तू लावलीस, रिक्षात माझा हात धरून तूच बसली होतीस.

“आठवत नाही,” मी पुन्हा म्हटलं. हे पहिल्यापेक्षा जड गेलं.

ऋतुराज उठला. आवाज मऊ होता त्याचा, पण काम सोडलं नाही पठ्ठ्यानं. “काका, औटकी येते ना अजून?”

“येते,” मी म्हटलं. “शंभरापर्यंत येते. पण तुझ्या घरी लहान मूल असेल तर ते माझ्याजवळ ठेवून दुकानात जाऊ नकोस.”

तो खाली बसला. या वेळी हात जोडले नाहीत त्यानं.

निकाल लागायचा आहे. जे मिळेल त्यातून हेल्मेटचं कापून घेतील, घेऊ देत. अपेक्षा मॅडम म्हणाल्या, तुझं शपथपत्र आता उभं राहिलं. मला तेवढंच हवं होतं. दिवसभराचा माणूस ठेवा. फक्त तो माझ्याशी तान्ह्या बाळासारखं बोलायला लागला तर मी ओरडेन, हे त्याला आधी सांगा.

मघाशी तू विचारलंस, “बाबा, सगळं लिहून झालं का? स्वरदाला पुढच्या महिन्यात घेऊन येऊ? मी तिच्याजवळून हलणार नाही.” मी हो म्हटलं. ते हो मला आत्ता माहीत आहे. उद्या सकाळी माहीत असेल की नाही, सांगता येत नाही.

म्हणून हे पत्र देवापाशी ठेव. मी उठल्यावर विचारलं, सावनी अजून रागावली आहे का, ती कधी येणार, तर तुझा चेहरा आज कोर्टात पडला तसा पडू देऊ नकोस. मला चष्मा दे आणि हे वाचायला दे. मी तुझ्यावर खोटेपणाचा आळ घेतला तर हेच पत्र पुढं कर, खाली माझी सही आहे.

मी वाचीन, आणि मला पुन्हा नव्यानं आनंद होईल की तू आली आहेस.

मुकुंद सेलूकर
तुझे बाबा